दिल्लीत सोडायचे बुणगे

मुलीनं नागपूरहून खेळाचा तो डबा पाठवला, तेव्हा बाबूजींना लकवा मारून तीन महिने झाले होते. फोनवर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर घरी एकटेच असता ना, म्हणून पाठवलाय. एकट्यानंच खेळायचा असतो." फोन स्पीकरवर होता. मी एकटा नव्हतो. समोरच्या लोखंडी पलंगावर बाबूजी, माझे वडील, पडलेले होते आणि त्यांना ऐकू चांगलं येत होतं. पण मी तिची चूक सुधारली नाही.

लाखनीत हायवेला लागून आमचं कापडाचं दुकान होतं. बाबूजी मूळचे हातमागावर बसणारे. आंधळगावचे माग विकून त्यांनी इथं दुकान टाकलं आणि चाळीस वर्षं चालवलं. नंतर उड्डाणपूल झाला, गाड्या वरच्या वर निघून जाऊ लागल्या आणि दुकान माझ्या हातात आलं तेव्हा त्यात धूळ झटकण्याशिवाय काम उरलं नव्हतं. मी ते एका मोबाइलवाल्याला भाड्यानं दिलं. बायको साकोलीकडच्या एका शाळेत शिक्षिका. सकाळी नऊला जायची, साडेपाचला यायची. त्यामुळे बाबूजींना लकवा झाला तेव्हा त्यांना दिवसभर कोण पाहणार हा प्रश्नच आला नाही. मी रिकामाच होतो.

खेळ पानिपतच्या मोहिमेचा होता. पुण्यातल्या काही हौशी पोरांनी तयार केलेला. टेबलभर पसरणारा नकाशा, दख्खनपासून पानिपतपर्यंत. त्यावर षट्कोनी घरं. घोडदळाच्या, गारद्यांच्या, तोफांच्या जाड पुठ्ठ्याच्या सोंगट्या, दोन फासे आणि अफगाणांच्या पत्त्यांची एक गड्डी. तुम्ही मराठ्यांकडून खेळायचं. समोरचा शत्रू पत्ता उलटला की आपोआप चाल करतो. एक पाळी म्हणजे मोहिमेचा एक आठवडा. आणि या सगळ्याबरोबर लाकडाचे बारा करडे ठोकळे होते. ते म्हणजे बुणगे. फौजेबरोबर निघालेले बाजारी, बायका, यात्रेकरू, म्हातारेकोतारे. ते लढत नाहीत. दर आठवड्याला प्रत्येक ठोकळा एक माप धान्य खातो, एवढंच त्यांचं काम. दिल्ली हातात आली की त्यांना तिथं सोडून देता येतं, पण सोडलं तर फौजेची हिंमत दोन घरं खाली येते. सोबत नेलं तर पानिपतावर धान्य आधी संपतं.

मी इतिहासात बी.ए. केलं होतं, त्याचा पुढे काही उपयोग झाला नव्हता. पहिले आठ दिवस मी नुसती नियमांची पुस्तिका वाचली. मग खेळायला लागलो आणि हरायला लागलो. दर वेळी तसंच. दिल्लीच्या वरचा कुंजपुऱ्याचा किल्ला घेईपर्यंत सगळं छान, मग अफगाण यमुना ओलांडून मागे येऊन बसायचे, दिल्लीची वाट बंद व्हायची आणि धान्याची सोंगटी दर पाळीला एक घर शून्याकडे सरकायची.

बाबूजी पलंगावरून पाहायचे. त्यांची उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. एक दिवस म्हणाले, "काय करून राहिला?"

"लढाई लढून राहिलो जी. पानिपतची."

"आपले लोक नाई गेले पानिपतले." शब्द लोळत लोळत आले. नागपूरकर भोसल्यांची फौज त्या लढाईत नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. मला आश्चर्य वाटलं. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या करड्या ठोकळ्यांकडे केलं. "हे कोन?"

"बुणगे. लढत नाई. नुसते खाते."

त्यांनी बोट खाली घेतलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर दोन तासांनी कूस बदलली पाहिजे, नाहीतर पाठ फुटते. बायकोनं एका कागदावर वेळा लिहून तो पलंगाजवळच्या भिंतीवर चिकटवला होता. नऊ, अकरा, एक, तीन, पाच. प्रत्येकापुढे टिक करायची. सुरुवातीला मी वेळेवर उठायचो. बाबूजी अंगानं मोठे. एका हातानं खांदा, एका हातानं कंबर धरून ओढायचं, पाठीमागे उशी कोंबायची, दोन पायांमध्ये चादरीची घडी. पाच मिनिटांचं काम होतं.

मग एकदा ऐन चढाईत त्यांनी हाक मारली. "मले पलटव."

"थांबा. हा आठवडा होऊ द्या."

आठवडा व्हायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात ते पुन्हा बोलले नाहीत आणि मला कळलं की थांबवलं तर ते थांबतात. हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. या माणसाला कुणी कधी थांबवलं नव्हतं. दुकानात लोखंडी गज असायचा, कापड मोजायचा. माझं लग्न होऊन महिना झाला होता. मी एका गिऱ्हाइकाला लुगड्याचा भाव चुकीचा सांगितला, तर त्यांनी तो गज माझ्या पाठीत घातला. दुकान भरलेलं होतं आणि माझी बायको डबा घेऊन पायरीवर उभी होती. ती डबा पायरीवर ठेवून तशीच मागे वळून घरी गेली. त्या दिवशी मी दोन वाजता तो डबा खाल्ला.

या गोष्टीमुळे मी पुढे तसा वागलो असं म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं. पण मी खोटं लिहिणार नाही. तेव्हा मला तो गज आठवतही नव्हता. मला फक्त बरं वाटत होतं.

अर्ध्या तासाचा एक तास झाला, मग खेळातले दोन आठवडे, मग तीन. "दिल्ली येऊ द्या, मग पलटवतो." "कुंजपुरा पडू द्या." ते विचारायचे, "किती राह्यलं?" मी नकाशाकडे न पाहताच काहीतरी सांगायचो. पाणी मागितलं तरी तेच. डायपर भरला की वास यायचा, आणि मी खिडकी उघडून पुन्हा टेबलाशी बसायचो. पाच वाजता उठून भराभर सगळं आवरायचं, त्यांना नीट कुशीवर करायचं, अंगाला पावडर लावायची आणि कागदावर पाचही टिका एकदम करायच्या. वेगवेगळ्या वेळी केल्यासारख्या वाटाव्या म्हणून मी दोन पेनं वापरायचो. बायको आल्यावर कागद पाहायची आणि म्हणायची, "तुमी करता जी मामाजींचं, नाईतर कोन करते आजकाल." मामाजी म्हणजे तिचे सासरे. ते तिच्याकडे पाहायचे आणि मग माझ्याकडे.

मार्चमधल्या एका दुपारी मी दिल्लीला पोचलो होतो. बुणग्यांचं काय करायचं ते ठरवायचं होतं. मी एक करडा ठोकळा उचलला, पलंगाशी गेलो आणि तो त्यांच्या छातीवर ठेवला.

"हे तुमी," मी म्हणालो. "सांगा. दिल्लीले सोडू का संग नेऊ?"

ते ठोकळ्याकडे पाहत राहिले. श्वासाबरोबर तो वरखाली होत होता.

"बोला ना. फौज थांबली आहे."

"संग ने," ते म्हणाले.

मी ठोकळा उचलला, नकाशावरच्या दिल्लीत ठेवला आणि फौज पुढे नेली. "सोडलं तुमाले," मी त्यांना सांगितलं आणि हसलो. मी कसा हसलो ते मला अजून ऐकू येतं. मोठ्यानं नाही. दुकानात कुणाला फाटका पीस खपवला की बाबूजी मनातल्या मनात हसायचे, तसा.

नंतर हे रोजचं झालं. डाव कुठंही असो, दिल्ली आली की मी ठोकळा घेऊन त्यांच्याकडे जायचो. विचारायचो. ते म्हणायचे, "संग ने." मी सोडून द्यायचो. कधी म्हणायचे, "संग ने न बाबू." लहानपणीसुद्धा त्यांनी मला कधी बाबू म्हटल्याचं आठवत नाही. तेव्हाही मी सोडलं. एकदा तर त्यांनी डाव्या हातानं तो ठोकळा मुठीत धरून ठेवला. मी त्यांची बोटं एक एक करून उघडली. त्यांची बोटं अजूनही मागवाल्याची होती, टोकाला कडक, आणि ताकद बरीच होती. मला जोर लावावा लागला.

आठवड्याभरानं असंच विचारलं, तर ते छताकडे पाहत म्हणाले, "सोड."

"काय?"

"सोडून दे. दिल्लीले."

मी तिथं उभा राहिलो. माझ्या हातून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. मी म्हणालो, "नाई. आज संग नेतो तुमाले," आणि मुद्दाम त्यांना पानिपतापर्यंत नेलं. तिथं धान्य संपलं. नियमाप्रमाणे आधी बुणगे मरतात. मी पलंगाजवळ जाऊन त्यांना सांगितलं, "भुकेनं मेले तुमी." त्यांनी डोळे मिटले होते. पापण्या हलत होत्या, म्हणजे झोपले नव्हते.

मी पहिल्यांदा जिंकलो तो दिवस सोमवार होता. बारा बुणगे दिल्लीत सोडले, हिंमत खाली गेली ती जाऊ दिली, पानिपताला खंदक न खोदता फौज हलती ठेवली आणि वाट बंद व्हायच्या आत दक्षिणेकडे निघालो. शेवटचा पत्ता उलटला आणि अफगाण तीन घरं मागे राहिले. मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. सकाळी दहा वाजल्यापासून मी त्या खुर्चीवर होतो. साडेचार झाले होते. या सगळ्या वेळात बाबूजी पाठीवर एका जागी होते. दुपारी त्यांनी दोनदा हाक मारल्याचं मला आठवतं. नंतर त्यांनी हाक मारणं सोडलं होतं.

त्याच संध्याकाळी बायकोला वास आला. डायपरचा नव्हता. तिनं त्यांना कुशीवर केलं, बनियन वर केलं आणि ती ओरडली. माकडहाडावर रुपयाच्या नाण्याहून मोठी जखम होती. कड काळी पडली होती. पावडर लावताना मी तिथं पाहिलं नव्हतं, असं नाही. लाल डाग पाहिला होता. मग फोड पाहिला होता. त्यावरही पावडर लावली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. मेलेलं मांस कापून काढताना बाबूजींच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो ऐकून बायको आत निघून गेली. मी पाय धरून बसलो होतो.

"किती तास एका कुशीवर ठेवता?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"दोन तास. हा पाहा कागद." मी भिंतीवरचा कागद दाखवला. "पण ते ऐकत नाही. मी पलटवलं की पुन्हा पाठीवर येते."

ज्या माणसाची एक बाजू मेलेली आहे तो स्वतःहून कसा पाठीवर येईल, हे डॉक्टरांना कळलं असावं. त्यांनी कागद पाहिला, मग वाकून बाबूजींना विचारलं, "आजोबा, दिवसा पलटवतात का तुम्हाला?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. माझ्या हातात त्यांचे पाय होते, आणि डाव्या पायाचा ताण मला जाणवत होता.

"पलटवते," बाबूजी म्हणाले. "टायमावर पलटवते."

ते असं का म्हणाले हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही. मला वाचवलं म्हणावं, तर डॉक्टर गेल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. भीती म्हणावी, तर तेही पटत नाही. हा माणूस भ्यायला असेल तर माझ्यामुळे भ्यायला असेल. कदाचित परक्यासमोर पोराची अब्रू जाऊ द्यायची नाही, एवढंच असेल. चारचौघांत पोराला गजानं मारणाऱ्यालाही तेवढी अब्रू असते.

बायकोनं दोष गादीला दिला आणि हवेची गादी मागवली. आणि उरलीसुरली लाज म्हणून मी पुढचे चार दिवस बरोबर दोन तासांनी उठलो. पाचव्या दिवशी पुन्हा नकाशा पसरला.

जखमेचं कळल्यावर चिखल्याहून माझी मोठी बहीण आली. तिचे यजमान तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत, आणि ते कॉलनीत राहतात. ती आली ती एक पिशवी घेऊन, राहायच्या तयारीनं. पहिले दोन दिवस ती सगळं करत होती आणि मी डब्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती मागच्या खोलीत जाऊन पडली. मला वाटलं, ती झोपली. टेबलावर ती यायच्या आदल्या दिवशीचा अर्धा डाव होता.

बाबूजींनी हाक मारली. "पानी."

"थांबा. आठवडा होऊ द्या."

"पानी दे न."

"दिल्ली येऊन राहिली. मग विचारतो तुमाले, राहता का मरता."

मी मान वळवली तेव्हा ती दारात उभी होती. किती वेळची, ते मला माहीत नाही. ती माझ्या बाजूनं पलंगाकडे गेली, त्यांचं डोकं हातावर घेतलं आणि चमच्यानं पाणी पाजलं. अकरा चमचे. मी बसून मोजले, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली.

"काय म्हनला तू त्याईले?"

"खेळाचं होतं ते, ताई."

"मी काय म्हनला ते विचारून राहिली."

तिनं मग बाबूजींना विचारलं, "हे रोज चालते का?"

तिनं आवाज चढवला, "बाबूजी, मी तुमची पोरगी आहे. मले सांगा. रोज चालते का?"

"खेळते तो," ते म्हणाले. "त्याले काम नाई न."

माझी बहीण रडली नाही. तिनं टेबलावरचा खेळ फेकला नाही की मला शिव्या दिल्या नाहीत. तिनं नकाशावरून एक करडा ठोकळा उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि होता तिथं परत ठेवला. मग म्हणाली, "तुले लहानपणी मारलं त्याईनं. मले शाळेतून काढलं, मागावर बसवलं. आईले तं तू पाह्यलंच. मी म्हनत होती, एक दिवस त्याईले दाखवीन. पन मले नाई जमलं. तुले जमलं."

"ताई..."

"बोलू नोको. उद्या नेतो मी त्याईले."

बाबूजी नाही म्हणाले. पोरीच्या घरी जाऊन पडायचं नाही, पोराच्या घरूनच जायचं, असं त्यांचं म्हणणं. ते तुटक तुटक शब्दांत बराच वेळ बोलत राहिले. तिनं विचारलं, "इथं काय आहे तुमचं?" ते म्हणाले, "घर." ती म्हणाली, "घर पाह्यलं मी." दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. ड्रायव्हरनं आणि मी त्यांना चादरीत उचललं. पाय माझ्याकडे होते. गाडी तुमसरच्या दिशेनं वळली तेव्हा बायको फाटकात उभी होती. आत आल्यावर तिनं मला काही विचारलं नाही. बहिणीनं तिला आदल्या रात्रीच सांगितलं होतं. तिनं भिंतीवरचा कागद काढला आणि खिडकीजवळ नेऊन टिका नीट पाहिल्या. दोन पेनांची शाई तिला आत्ता दिसली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. भाजी काय आणायची, सिलिंडर कधी लावायचं. मुलीला तिनं काही सांगितलेलं नाही, आणि मीही नाही.

चिखल्याला बाबूजींची जखम भरली. एवढी खोल जखम त्या वयात भरते, हे मला खरं वाटलं नव्हतं. मी पाहायला गेलो तेव्हा बहिणीनं ती जागा मला दाखवली. गुळगुळीत, गुलाबी कातडी. ते खिडकीशी टेकून बसले होते आणि खाणीकडे जाणारे ट्रक पाहत होते. मी खाटेशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला ओळखलं, त्याबद्दल मला शंका नाही. तिला हाक मारून म्हणाले, "चहा दे यायले. लांबून आले असतीन."

दुकानात परगावच्या गिऱ्हाइकाशी ते याच आवाजात बोलायचे. मी म्हणालो, "बाबूजी, मी आहो."

"हो," ते म्हणाले. "बसा."

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही त्यांनी मला बसा म्हटलं. तिसऱ्यांदा मी गेलो नाही.

पोळा झाल्यावर एका दुपारी बहिणीचा फोन आला. मी घेतला. ती म्हणाली, "बाबूजी गेले."

"कधी?"

"काल संध्याकाळी."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, "मी निघतो. माझ्याशिवाय उचलू नका."

"झालं सगळं," ती म्हणाली. "सकाळीच झालं. अग्नी मी देली."

"तू? मी पोरगा आहो न त्याईचा."

"त्याईनंच सांगतलं होतं. जाच्या आधी चार दिवस. त्याले बोलावू नोको, म्हने."

मी तिला विचारलं की हे त्यांनी खरंच सांगितलं होतं का. ती म्हणाली, "तुले कायचं पायजे? सांगतलं असं का नाई सांगतलं असं? जे पायजे ते धर."

मी तरीही गेलो. पोचेपर्यंत दुपार टळली होती. अंगणात कॉलनीतले दोघंतिघं बसले होते, ते मला पाहून सरकले. बहीण बाहेर आली नाही. भाऊजी सकाळचं आटोपून अर्ध्या पाळीला जाऊन आलेले, मानेवर काळपट धूळ तशीच. त्यांनी मला खुर्ची दिली, पाण्याचा लोटा दिला. मी म्हणालो, राख तरी पाहून येतो. ते म्हणाले की नदीवर पाऊस झाला, तिथं आता पाहायसारखं काही नाही. मग त्यांनी घड्याळात पाहिलं आणि फार नम्रपणे सांगितलं की तुमसरची गाडी साडेपाचला आहे, त्यानंतर नाही.